उंट मागे घेतला असता तर

१

साहेबांचा सकाळचा क्रम ठरलेला होता आणि तो मोडायची कुणाची प्राज्ञा नव्हती. चहा, दाढी, पेपरातलं अर्धं शब्दकोडं, आणि मग खिडकीपाशी टेबलावर बुद्धिबळाचा पट. उरलेलं अर्धं कोडं बायको स्वयंपाकघरातून ओरडून ओरडून सोडवायची. तिची निम्मी उत्तरं चुकलेली असत, पण आवाज इतका ठाम असे की साहेब ती मुकाट्यानं चौकोनांत भरून टाकत.

साहेब ही नोकरीतली पदवी, निवृत्तीनंतरही चिकटून राहिलेली. आयुष्यभर त्यांनी पूल तपासले होते. बांधला एकही नाही. दुसऱ्यांनी बांधलेल्या पुलाखाली उभं राहायचं, हातोडीनं ठोकायचं, कुठे पोकळ वाजतं ते कान देऊन ऐकायचं आणि शेरा मारून गाडीत बसायचं. त्यामुळे माणूस थोडा शिष्ट झाला होता हे खरं, पण शिष्टपणाला आधार होता. त्यांनी ठीक म्हटलेला पूल कधी पडला नाही.

अलीकडे मात्र क्लबात त्यांचं काही खरं नव्हतं. डावाचा मधला भाग उत्तम, शेवट तर वाघासारखा, पण तिथवर पोचायचं कसं? सुरुवातीलाच गडबड व्हायची. कॉलेजातली पोरं मोबाईलवर सुरुवाती घोकून यायची आणि पंधराव्या चालीच्या आत साहेबांचं दुकान बंद करून टाकायची. पुढच्या महिन्यात ज्येष्ठांची स्पर्धा होती आणि साहेबांनी नाव दिलं होतं. क्लबाचा चिटणीस हा गडगडाटी आवाजाचा, पोटातून हसणारा माणूस. त्यानं एक दिवस त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की सुरुवात कच्ची झालीय, तेव्हा एखादा जुना स्पर्धेतला डाव घ्या, तुमचाच, जिंकलेला, आणि पहिल्या चालीपासून खोदून काढा.

कुठला डाव ते त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. क्लबातल्या प्रत्येकानं तो डाव साहेबांच्या तोंडून ऐकलेला होता, काहींनी तर नको म्हणत असताना.

चाळीसेक वर्षांपूर्वी, परगावी, एक स्पर्धा झाली. हरला की घरी, असा तिचा नियम. समोर चित्रकलेचे एक मास्तर होते. किडकिडीत, अबोल, नखांत रंग अडकलेले. साहेबांनी पांढऱ्याकडून सुरुवातीलाच एक प्यादं फुकट देऊन टाकलं आणि हल्ला चढवला. दहाव्या चालीला मास्तरांच्या उंटानं घोडा मारला. साहेबांनी प्याद्यानं उंट मारला, त्या प्याद्यामागे अडकलेल्या हत्तीची वाट मोकळी झाली, वजीर पुढे धावला आणि मास्तरांचा राजा भर दरबारात मेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी हात मिळवला, पिशवी उचलली आणि दुपारची गाडी गाठली.

साहेबांची गाडी मात्र चुकली, कारण ते जिंकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते निकालाच्या फळ्यासमोर उभे राहून स्वतःचंच नाव वाचत होते. तेवढ्यात मागून खडू हातात घेतलेली एक मुलगी म्हणाली, "जरा बाजूला होता का? तुमच्याशिवाय इतरही लोक जिंकलेत."

साहेब बाजूला झाले. त्या दिवशीचा डाव ते फळ्याकडे बघण्याच्या नादात हरले, आणि त्या हरण्याचं त्यांना आजवर कधी दुःख झालं नव्हतं. बायकोची हकिगत थोडी वेगळी होती. ती म्हणायची, त्या हॉलात हरल्यावर कारणं न सांगणारा एकच पुरुष होता, म्हणून केलं लग्न. पुढे कळलं की कारणं तो जिंकल्यावर सांगतो.

२

डाव तपासायची साहेबांची एक पद्धत होती. स्वतःच्या चाली स्वतःच्या खुर्चीत बसून बघायच्या नाहीत. उठायचं, समोरच्या खुर्चीत जायचं आणि जो हरला त्याच्या बाजूनं डाव खेळायचा, तोही जिंकण्याच्या ईर्ष्येनं. पुलाला पाडायला निघालेल्या पाण्याच्या बाजूनं विचार केला तरच पूल कळतो, असं ते हाताखालच्या लोकांना सांगत.

त्या सकाळी ते खिडकीकडे पाठ करून काळ्याच्या खुर्चीत बसले. इथून घराचं दार दिसे आणि दाराशेजारच्या दोन खुंट्या. एकीवर त्यांची टोपी, दुसरीवर बायकोची निळी छत्री. तिची एक काडी मोडून वर्षं झाली होती, पण बायको ती टाकू देत नव्हती. माझीही एक काडी मोडलीय, मग मलाही टाकणार का, असं ती विचारी.

नऊ चाली झरझर झाल्या. दहाव्या चालीला त्यांनी काळा उंट उचलला. घोडा मारायचा म्हणूनच उचलला, पण हात मध्येच थांबला. मारलाच नाही तर? एक घर मागे घेतला तर?

त्यांनी उंट मागे ठेवला आणि पटाकडे बघत राहिले.

वजीर ज्या घरात धावून यायचा ते घर आता उंटाच्या ताब्यात होतं. हत्ती आपल्याच प्याद्यामागे कोंडलेला. हल्ला नाहीच. उरलं काय, तर पांढऱ्याचं एक प्यादं कमी. साहेबांनी पुढे दोन-तीन मार्ग मनातल्या मनात धुंडाळले. सगळीकडे पांढरा हरत होता. रखडत रखडत, पण हरत होता.

दुसरा कुणी असता तर हिरमुसला असता. साहेब खूश झाले. इतकी वर्षं शेकडो लोकांनी बघितलेल्या डावात पोकळ आवाज त्यांनी ऐकला होता, दुसऱ्या कुणी नाही. ही बातमी बायकोला सांगावी म्हणून त्यांनी मान वर केली.

छत्री खुंटीवर नव्हती.

बाहेर गेली असेल, असं त्यांनी धरलं. पण नजर तिथेच अडकली. ओली छत्री वर्षानुवर्षं टेकून खुंटीखालच्या रंगावर एक तपकिरी डाग पडला होता, आणि त्यावरून दरवेळी रंगाऱ्याशी वाद व्हायचा. तो डागही दिसत नव्हता. भिंत खालपर्यंत स्वच्छ होती. उजेडाचा खेळ असेल, किंवा चष्मा बदलायला झाला असेल. त्यांनी उंट उचलला, मूळ डावात होतं तसा घोडा मारला आणि चष्मा पुसला.

बायको आतल्या खोलीतून उशीचे अभ्रे घेऊन आली. तू बाहेर गेली होतीस का, असं त्यांनी विचारलं. असल्या उन्हात बाहेर जायला मला काय वेड लागलंय, असं ती म्हणाली. छत्री खुंटीवर होती. डाग होता.

३

शिकलेल्या माणसाची एक सोय असते. त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण सापडतं, आणि एक पटलं नाही तर दुसरं तयार असतं. साहेबांना चष्मा पटला. दुपारी ते जाऊन नंबर तपासून आले. नंबर बदललेला नव्हता. मग त्यांना वय पटलं.

दुसऱ्या दिवशी बायको सिंकपाशी भांडी घासत होती. घासताना ती गुणगुणायची, आणि कुठलंही गाणं असलं तरी चाल तीच, तिची स्वतःची. साहेबांनी पट मांडला, दहाव्या चालीला उंट मागे घेतला आणि या वेळी तिथे न थांबता पुढे गेले. अकरावी, बारावी, तेरावी. पांढऱ्याकडून जमेल तेवढी चांगली चाल, काळ्याकडून तिला उत्तर. पांढऱ्याचा हत्ती कोपऱ्यातच कोंडून बसला होता.

गुणगुणणं थांबलेलं त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं. नळही वाजत नव्हता. चालू असलेला आवाज थांबला की त्याच्या जागी थोडा वेळ एक पोकळी राहते, कान तिच्याकडे वळतो. इथे तसली पोकळीसुद्धा नव्हती. त्या बाजूला कधी काही वाजलंच नसावं, अशी ती शांतता होती.

"अगं," त्यांनी हाक मारली.

मग उठले. जाताना वाटेतल्या कपाटावर लेकीचा फोटो असायचा, पदवी मिळाली तेव्हाचा. लेक आता दूरच्या शहरात शिकवते, दर रविवारी फोन करते. त्या चौकटीत आता एका पुलाचा फोटो होता. पूल त्यांच्या ओळखीचा होता. तो त्यांनीच तपासला होता.

स्वयंपाकघरात सिंक कोरडं होतं. ओट्यावर एकच कप पालथा घातलेला, एकच ताटली. फक्त चहा होणाऱ्या स्वयंपाकघराला जो वास येतो, तो तिथे होता. साहेब दारातून आत आले आणि पाण्याचा पेला घ्यायला त्यांनी हात लांबवला. हात बरोबर गेला. पेला खिडकीच्या कट्ट्यावर होता, जिथे तो त्यांच्या घरात कधीच नसायचा, आणि तरीही त्यांचा हात न चुकता, न बघता तिथे गेला होता. रोज जावा तसा.

ते जवळजवळ धावतच टेबलाकडे आले. बाहीच्या फटक्यानं सोंगट्या आडव्या झाल्या, काही खाली पडल्या. त्यांनी गुडघ्यांवर बसून त्या गोळा केल्या, पट पुन्हा मांडला, दहा चाली जशा झाल्या होत्या तशा केल्या. उंटानं घोडा मारला.

नळ वाजायला लागला. आतून बायकोनं विचारलं की काय पाडलंत, आणि पाडलंत ते उचललंत का, की त्यालाही मीच येऊ.

"उचललं," साहेब म्हणाले. आवाज बराच स्थिर निघाला, याचं त्यांना बरं वाटलं.

४

हरलो असतो तर मीही दुपारच्या गाडीनं घरी गेलो असतो. एवढंच. याच्या पुढे साहेबांनी तो विचार जाऊ दिला नाही. सूत्र म्हणून तो नीट होता, पण त्यावर विश्वास ठेवणं म्हणजे सगळं शिक्षण पाण्यात घालणं. पुलातला तडा शोधला म्हणून पूल पडत नाही. तडा असतोच. बघणारा फक्त बघतो.

तेव्हा साहेबांनी तेच केलं जे त्यांनी नोकरीत केलं असतं. त्यांनी पुन्हा एकदा ठोकून बघायचं ठरवलं, पण या वेळी नजर न हलवता.

बायको समोरच्या वेताच्या खुर्चीत बसून शेंगा सोलत होती आणि शेजारणीच्या जावयाबद्दल बोलत होती. जावई सासरी आला की फक्त फोन चार्ज करतो, बाकी काही बोलत नाही, असं काहीसं. साहेब मान डोलावत होते. नजर तिच्यावर ठेवून त्यांनी चाचपडत काळा उंट धरला. पापणीही हलवायची नाही असं ठरवलं होतं. उंट एक घर मागे सरकवला.

पापणी हलली नाही, याबद्दल ते पुढे स्वतःशी शपथेवर सांगत राहिले. काही नाहीसं होताना दिसलं नाही. वेताच्या खुर्चीवर वर्तमानपत्रांची चळत होती, पिवळी पडलेली, सुतळीनं बांधलेली, वर धूळ. ती आत्ता तिथे आली असं वाटतच नव्हतं. ती तिथेच होती. सगळ्यांत वरच्या पेपरातलं शब्दकोडं त्यांना दिसलं. अर्धं सोडवलेलं, अर्धं कोरं.

त्यांनी उंट पुढे ढकलला, घोड्यावर.

"...आणि वर म्हणतो, वायर कुठे ठेवलीत," बायको म्हणाली. मग थांबली. "असं काय बघताय?"

तिच्या कानामागे, केसांत, कोळ्याचं जाळं अडकलं होतं. धुळीनं माखलेला एक जाड धागा. तिनं तो बोटानं काढला, नाकाशी धरून बघितला आणि म्हणाली की हे घर आता झाडायला एक माणूस ठेवायला हवा, नाहीतर बसल्या जागी आपल्यावर जाळी धरतील.

५

साहेबांनी सोंगट्या डब्यात भरल्या, पट घडी केला आणि दोन्ही माळ्यावर टाकलं. शिडीवर ते स्वतः चढले. स्पर्धेतून नाव काढून घेत असल्याचा निरोप चिटणिसाला पाठवला. बायकोनं विचारलं की घाबरलात का, तर हो म्हणाले. इतकं सरळ उत्तर तिला अपेक्षित नव्हतं. तिनं त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

घर शांत झालं, म्हणजे पुन्हा आवाजांनी भरलं. कोडी सुटत होती, जावयाच्या वायरीची कथा लेकीला फोनवर सांगून झाली होती. साहेबांचा विश्वास परत आला. प्रश्न समजला, कारण दूर केलं, विषय संपला. त्यांनी आयुष्यात असे कितीतरी विषय संपवले होते.

मग एका दुपारी ते पेपर वाचत असताना खुंटीवरून छत्री गेली. टेबलावर पट नव्हता, हात मांडीवर होते. थोड्या वेळानं छत्री परत आली. दुसऱ्या दिवशी लेकीच्या फोटोत लेक राहिली, पण तिच्यामागे तो पूल होता. संध्याकाळी बायको खोलीच्या मधोमध उभी राहून भिंतींकडे बघत होती. काय झालं, असं विचारल्यावर हसली. म्हणाली, मघाशी क्षणभर असं वाटलं की आपण कुणाच्या तरी घरी आलोय, आणि यजमान आत गेलाय. म्हातारपण, दुसरं काय. तुमचं लागलं मला.

आणि त्यानंतरच्या सकाळी साहेब चहाचा कप ठेवायला ओट्याशी गेले, तेव्हा ती त्यांच्याकडे वळली. चेहऱ्यावर ओळखीचं काही नव्हतं. रागही नव्हता. गर्दीत आपण अनोळखी माणसाकडे बघतो तितक्याच सभ्यपणे तिनं विचारलं, "आपण कुणाकडे आलात?"

मग तिनं डोळे मिचकावले, त्यांच्या हातातून कप घेतला आणि साखर पुन्हा तळाशी तशीच ठेवलीत, असं म्हणाली.

साहेबांनी खोलीत जाऊन दार लावलं आणि चिटणिसाला फोन केला. काय विचारायचं ते ठरलेलं नव्हतं, पण विचारावं लागलंच नाही. चिटणीस आपणहून गडगडला. तुम्ही माघार घेतलीत आणि तिकडे मजा बघा, तुमचे ते चित्रकलेचे मास्तर या वयात स्पर्धेला उतरताहेत. त्यांचीही सुरुवात कच्ची म्हणे. रोज तुमचाच डाव मांडून बसतात. कुठे चुकलं ते शोधतोय, सापडल्याशिवाय सोडणार नाही, असं म्हणाले.

बरोबरच होतं, साहेबांना वाटलं. जिंकलेला डाव माणूस लोकांना सांगतो. हरलेलाच तो अभ्यासतो. आपल्याला हे सुचायला इतका वेळ का लागला, याचंच त्यांना नवल वाटलं.

त्यांनी मास्तरांचा नंबर मागून घेतला.

६

फोन करण्याआधी त्यांनी सगळं नीट आखलं. मास्तर अजून दहाव्या चालीपर्यंत पोचलेले नसणार. आसपास घुटमळत असणार, दुसऱ्या चाली करून बघत असणार, आणि म्हणूनच वस्तू जाऊन परत येत होत्या. त्यांना तिथून दूर न्यायचं. चूक सातव्या चालीला झाली असं पटवायचं. सातव्या चालीला मास्तरांनी प्यादं पुढे टाकलं होतं. चाल ठीकच होती, पण तिच्यावर महिनाभर वाद घालता येईल इतकी गुंतागुंत तिथे होती. साहेबांनी मोठमोठ्या कंत्राटदारांना बोलण्यात गुंडाळलं होतं. मास्तर तर मास्तर.

सकाळची वेळ होती. स्वयंपाकघरात नळ चालू होता आणि तिची ती चाल चालू होती. फोन खोलीच्या कोपऱ्यात, तिथे साहेब दाराकडे पाठ करून उभे राहिले.

मास्तरांचा आवाज पातळ झाला होता, पण त्यांना आनंद फार झाला. इतक्या वर्षांनी आठवण काढलीत. पत्नी वारली, मुलं आपापल्या वाटेला, शाळा कधीच सुटली. आता पट आहे आणि मी आहे. साहेबांनी तब्येत विचारली, चित्रं विचारली, आणि मग अगदी सहज सातव्या चालीवर आले. ते प्यादं तुम्ही टाकायला नको होतं, तिथेच डाव गेला, मी त्याच क्षणी मनात हसलो होतो.

मास्तर म्हणाले, अरे वा, मलाही हाच संशय होता. ते सातवी चाल तपासायला लागले. साहेब एकामागून एक शक्यता सांगत गेले, खऱ्या-खोट्या मिसळून, आणि त्यांना स्वतःचं कौतुक वाटायला लागलं. गाडं रुळावर होतं. मास्तर हुंकार देत होते. आता फक्त शेवटचा खिळा ठोकायचा होता, म्हणजे म्हातारा पुढे बघायचाच नाही.

"कारण पुढे तुमच्या हातात काहीच नव्हतं, मास्तर," साहेब म्हणाले. "दहाव्या चालीला घोडा मारणं तुम्हाला भागच होतं. तिथे उंट मागे घेऊन काही उपयोग नाही, मी बघितलंय."

"उंट मागे?" मास्तर म्हणाले. "मागे घेता येतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तर घोडा मारणं धरूनच चाललो होतो."

बुद्धिबळातल्या माणसाला अमुक चाल वाईट आहे असं सांगावं आणि त्यानं ती पटावर करून बघू नये, हे या जगात आजवर घडलेलं नाही. हे साहेबांना लहानपणापासून ठाऊक होतं. ते स्वतःही तसेच होते.

"नका बघू," ते म्हणाले. "वेळ फुकट जाईल. मास्तर, माझं ऐका."

"फुकट जायला माझ्याकडे वेळच तर आहे," मास्तर हसले. "थांबा, पट समोरच आहे."

लाकडावर लाकूड सरकल्याचा आवाज फोनमधून आला. अगदी लहान.

मागे स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. बंद केला, की नुसताच बंद झाला, ते साहेबांना कळलं नाही. मग पावलं वाजली. बायकोची एक खोड होती. साहेब फोनवर असले की ती मागून येऊन खांद्यावर हात ठेवायची आणि कान पुढे करायची, पलीकडचं ऐकायला. हात आला. नुकता सिंकमधून निघालेला, ओला, गार. सदऱ्यातून पाणी आत उतरलं.

"कोण आहे?" तिनं विचारलं.

"अरेच्चा," मास्तर म्हणत होते. "अहो साहेब. तुमचा वजीर येणार कुठे आता? हत्ती तर कोंडलाय. हा डाव माझा होता की हो." त्यांच्या आवाजात खुनशीपणा नव्हता. म्हाताऱ्या माणसाला हरवलेली वस्तू कोटाच्या खिशात सापडावी, तसा तो आवाज होता.

साहेबांनी मान वळवली नाही. समोरच्या भिंतीवर काय टांगलेलं आहे, तेही बघितलं नाही. त्यांनी डोळे मिटले.

"मास्तर, घाई करू नका," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पुलाखाली उभं राहून हुकूम देतानाचा निघाला. "डाव संपलेला नाही. माझी अकरावी चाल अजून व्हायचीय."

"मग करा की. मी आहे इथे."

मिटल्या डोळ्यांपुढे पट उभा राहिला, स्वच्छ, एकेक सोंगटी जागेवर. इथून पांढरा हरतो, हे त्यांनी स्वतः शोधून काढलं होतं. पण शोधताना ते काळ्याच्या खुर्चीत बसले होते. तडा बघायला गेलेल्या माणसाला तडाच दिसतो. हा पूल उभा ठेवायचाच आहे, असं धरून त्यांनी या जागेकडे एकदाही बघितलं नव्हतं. काहीतरी असणार. एक प्यादं कमी म्हणजे काही मरण नव्हे. यापेक्षा वाईट जागेवरून त्यांनी डाव ओढून आणले होते.

"घोडा परत मागे," ते म्हणाले. "आपल्या जागेवर."

मास्तर विचार करत राहिले. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मागे कुणी काही विचारत नव्हतं. मग पलीकडे लाकूड सरकलं आणि मास्तरांनी आपली चाल सांगितली. चाल चांगली होती. साहेबांना तिची कल्पना होती आणि नव्हतीही.

"वजिरापुढचं प्यादं, एक घर," साहेब म्हणाले. ही चाल त्यांनी पूर्वी कधी बघितली नव्हती, आणि ती वाईट नव्हती. ती खरोखरच वाईट नव्हती.

"अस्सं," मास्तर म्हणाले. खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

खांद्यावर गार लागत होतं. साहेब सगळं लक्ष तिथे लावून उभे राहिले. पूल ऐकायचे तसे ऐकत, वजन आहे का ते बघत. गार लागत होतं एवढं नक्की. तिथे हात आहे, की नुसता ओला सदरा, हे बघायला ते वळले नाहीत. मास्तरांनी पुढची चाल सांगितली, आणि साहेबांनी तिला उत्तर दिलं.